यशवंतरावांचा पाय

“बाबा, तुमच्यानं ब्रेक बरोबर दबत नाही आता. सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर येते,” पंकज जेवता जेवता म्हणाला. तव्यावरची भाकर करपली, आणि माझं डोकं तिच्याहून जास्त तापलं.

आमचे हे, यशवंतराव, जन्मभर बेल्याहून ट्रकनं कापूस वाहत आले. गाडीखाली कधी कोंबडी आली नाही. दिवाळीपासून मात्र ट्रक थांबला की खाडकन झटका बसायचा आणि हमालांपासून पोटच्या पोरापर्यंत सगळे यांच्या पायाकडं बोट दाखवायचे. यांनी भांडावं की नाही? तर म्हणाले, “माह्या पायातच दम नाही राह्यला.” मला रडू नाही आलं, संताप आला.

सोमवार उजाडायच्या आत मी भरला ट्रक आदिलाबादला रामाजी मिस्त्रीकडं न्यायला लावला. पंकज कुरकुरत मोटारसायकलवर मागून आला.

“चालवा अन् थांबवा,” मिस्त्रीनं यांना सांगितलं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ट्रक हळूच, वरातीतल्या गाडीसारखा थांबला. पुरता थांबल्यावर मागचं चाक बोटभर पुढं सरकलं आणि मग तो खाडकन आवाज आला.

“गाडी थांबल्यावर पाय काय करते रे?” मी पंकजला विचारलं.

रामाजी गाडीखाली शिरला. गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानपाट्यांना चाकांच्या एक्सलशी आवळून धरणाऱ्या बोल्टांचे नट त्यानं चक्क बोटांनी फिरवून दाखवले.

“एक्सल सरकून राह्यला, म्हणून झटका बसते,” तो म्हणाला. “पंकज, दिवाळीत तू नवे पाटे टाकून नेले, तवाच सांगतलं होतं ना? पह्यली खेप मारली का गाडी आण, नट परत आवळा लागते.”

“राहून गेलं,” पंकज म्हणाला. “मले कामं काय कमी असते का?”

राहून गेलं म्हणे. नट आवळायला वेळ नव्हता, बापाला घरी बसवायला होता. मी त्याला भर रस्त्यात असा झाडला की शेजारचा चहावाला चहा गाळायचा थांबला.

“त्या ड्रायव्हरले नाही म्हणून सांग. आत्ताच.”

त्यानं मान खाली घालून फोन लावला.

नट आवळून झाल्यावर मी कॅबिनमध्ये यांच्या शेजारी चढून बसले. पहिल्या चौकात ट्रक मुकाट थांबला. यांनी माझ्याकडं पाहिलं.

“बसला का झटका?”

“नाही बसला.”

जैनदच्या फाट्यावर पुन्हा तेच. “खरं सांग, बसला का?”

बेल्यापर्यंत ते गाडी थांबली की विचारत राहिले, आणि दर वेळी मला पंकजचा नव्यानं राग येत राहिला.