झिपरीच्या तोंडातलं पिलू

आमच्या झिपरी कुत्रीनं पिलू तोंडात धरलं अन् सोडेचना.

बाहेर हेमेंद्रच्या दारात सुतळी बॉम्ब फुटून राहिले होते. दर बॉम्बले झिपरीचा जबडा आवळायचा, अन् तिच्या दातात ते डोळे न उघडलेलं पिलू कुईं करायचं. आधी जोरात ओरडत होतं. आता आवाज बारीक होत चालला होता.

मी सगळं करून बसली होती, बरं. कोणी म्हणू नये का सुमित्रानं हयगय केली. सकाळीच आतल्या खोलीत खाटेखाली तिची जागा केली. खिडकीले वाकळ टांगली, टीव्हीचा आवाज वाढवून ठेवला. दिवेलागणीच्या आधी फिरवून आणली, भात खाऊ घातला. शेजारच्या हेमेंद्रले सांगून बी आली, बाबा, घरी बाळंतीण कुत्री हाये, तुह्या फटाक्याच्या लडी तलावाकडं नेऊन लाव. तो हसला. म्हणे, वहिनी, दिवाळी का कुत्र्याले विचारून करायची? सणाचा दिवस होता म्हणून वाचला, नाईतर मी सोडला नसता.

तीन पिलं खाटेखाली पडली होती. चौथं तोंडात घेऊन झिपरी दारावर पंजे मारून राहिली होती. तिले ते कुठंतरी लपवायचं होतं, अन् जागा काही सापडत नव्हती. मी सोडवायले हात पुढं केला तर गुरगुरली, दात आणखीनच रुतले. ओढलं असतं तर पिलाची मानच गेली असती. मले रडू येऊन राहिलं होतं, अन् हेमेंद्रचा राग बी.

मग मिल आठवली. आमच्या घराले लागूनच धानाची मिल हाये, अन् झिपरी तिथलीच, कोंड्याच्या ढिगात जन्मलेली. मोटर सुरू झाली का ही भिंतीशी पसरून झोपते, बंद झाली का जागी होते. त्या घरघरीत बॉम्ब काय ऐकू येणार?

पण मिल भासऱ्याची. भासरे म्हणजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ, भैय्यालाल. लक्ष्मीपूजनाले मशीनची पूजा झाली का मग पाडव्यालेच बटन दाबायचं, हा त्याईचा नेम. त्यातून आमच्यात भासऱ्याशी भावसून बोलत नाई. माही पोरगी कॉलेजात गेली, तरी त्या माणसाशी मी एक शब्द बोलली नव्हती. जेवण वाढलं हे बी मी नवऱ्याले सांगायचं, अन् नवऱ्यानं त्याईले. अन् आज नवरा प्लांटात ड्युटीवर.

झिपरीले पिलासकट वाकळीत गुंडाळली, डोईवर पदर ओढला अन् अंगणातून धावली. अंगणातच एक बॉम्ब कानाशी फुटला. पिलू किंचाळलं, अन् मग चूपच झालं.

भासरे पूजा आटपून बसले होते. मोटरले हार, मशीनले हळदीकुंकू, समोर दिवा अन् नव्या धानाची टोपली. मी दाराशी पाठमोरी उभी राहिली अन् कुत्रीलेच म्हटलं, "झिपरे, मालकाले सांग, मशीन सुरू करा म्हणाव. पिलू मरून राहिलं."

ते बी कुत्रीशीच बोलले. "झिपरे, आज इथं लक्ष्मी बसली हाये. उद्या ये."

माहं डोकंच फिरलं. मी वळली. पदर कुठं गेला ते पाहिलं बी नाई. त्याईले काय म्हणून हाक मारायची हे बी मले ठाऊक नव्हतं. तोंडात आलं ते म्हटलं.

"दादा, तुमच्या लक्ष्मीच्या मी पाया पडीन, नाक घासीन. पण हे लेकरू मेलं तर मी उद्या या मिलची पायरी नाई चढणार. बटन दाबा."

ते माह्या तोंडाकडं पाहतच राहिले. मग उठले. मशीन रिकामं चालवलं तर रबराचे रोल खराब होतात, म्हणून हाताशी होतं ते धान ओतलं, पूजेची टोपलीच. मोटरवरचा हार काढून बाजूले ठेवला अन् बटन दाबलं.

जमीन थरथरली. बाहेर लड लागली असंल तर मले समजली नाई. झिपरीचं अंग माह्या हातात ताठ होतं, मग थोडं सैल पडलं. मी तिले कोंड्यावर ठेवली. तिनं इकडंतिकडं हुंगलं, जबडा उघडला अन् पिलू खाली पडलं.

ते हलत नव्हतं. मी पदरानं चोळलं, झिपरी चाटत सुटली. भासरे धानाचं पोतं ओतता ओतता थांबले, माह्या बाजूले येऊन उकिडवे बसले.  मग त्या पिलाचा मागचा पाय हलला, अन् ते आंधळ्यागत आईच्या पोटाकडं सरकलं.

मोटरच्या वर आवाज चढवून भासरे ओरडले, "सुमित्रा, बाकीची तीन बी घेऊन ये. तोपर्यंत मी मशीन बंद नाई करत."

माहं नाव त्याईले ठाऊक हाये, हे मले त्या दिवशी समजलं.