खालच्या दोन ओळी

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा गुडघा दुखतो, हे आमच्या घराचं भाग्य आहे. असं बोलणं शोभत नाही, मला ठाऊक आहे. पण खरं तेच आहे, आणि ते त्यांना तोंडावर सांगायला मला अकरा वर्षं लागली.

आमच्याकडे कामं वाटलेली होती. डोंगरउतारावरची तुती माझी, खालच्या शेडमधले रेशीमकिडे त्यांचे. मी पानांच्या टोपल्या शेडच्या दारात ठेवायच्या, त्यांनी ती अळ्यांना घालायची. एकमेकींच्या कामात नाक खुपसायचं नाही असा करार होता, आणि तो आम्ही दोघी रोज मोडत होतो.

"ही काय पानं आहेत? सदऱ्याची बटणं याहून मोठी असतात," त्या म्हणायच्या.

"मग तुम्ही चढा वर आणि मोठी करून आणा," मी म्हणायचे.

त्यांचं खोटं नव्हतं. पानं बारकी आणि पिवळी पडत चालली होती. मी खत वाढवलं, तरी पिवळी. मग हट्टाला पेटून आणखी वाढवलं. पोत्यामागून पोतं उतारावर रिकामं केलं, आणि तुती जास्तच रुसली.

शेवटी आमच्या दोघींच्या नवऱ्यांनी जेवताना सांगून टाकलं, "अळ्यांची एवढी बॅच बघू. पाला पुरला नाही तर तुती उपटायची." जाऊबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. माझं लग्न व्हायच्या आधी ही सगळी तुती त्यांनीच लावली होती.

शेवटची कात टाकली की अळ्या जन्माची भूक सात दिवसांत भागवून घेतात. चौथ्या दिवशी दुपारी मी वरची शेवटची ओळ ओरबाडली आणि खाली आले.

"संपलं, ताई. वर काडीसुद्धा उरली नाही."

"खालच्या दोन ओळी आहेत की," त्या ट्रे झाडता झाडता म्हणाल्या.

शेडला लागून असलेल्या त्या दोन लांबलचक ओळींना मी हात लावत नव्हते. अळ्या कोरड्या आणि निरोगी राहाव्यात म्हणून जाऊबाई ट्रेमध्ये आणि जमिनीवर चुना भुरभुरायच्या. तो चुना, उरलेली पानं, किड्यांची घाण, असं सगळं खड्ड्यात कुजवून त्या याच ओळींत पसरायच्या. रोग येईल म्हणून मी कितीदा आकांडतांडव केलं होतं. "वर नेऊन टाक गं, माझा गुडघा चढू देत नाही," त्या दर हंगामाला सांगायच्या. "शेडचा कचरा शेडवालीनं उचलावा," हे माझं ठरलेलं उत्तर.

नाइलाजानं गेले. एक फांदी वाकवली. तळहात झाकेल एवढं पान, जाड, काळपट हिरवं. अकरा वर्षं मी शेजारून ये-जा करत होते आणि रागापायी तिकडं मान वळवत नव्हते. जाऊबाई मात्र लहान अळ्यांसाठी तिथला कोवळा पाला गुपचूप तोडत होत्या. रोगबिग काही आला नव्हता.

उरलेले तीन दिवस त्या दोन ओळींनी काढले. अळ्या चंद्रिकेच्या जाळीवर चढल्या, कोष विणायला लागल्या, आणि तुती उपटायचा विषय मागं पडला. पुढच्याच आठवड्यात मी माती तपासणाऱ्या बाईंना बोलावून आणलं.

"वरची माती आंबट झालीय," त्या म्हणाल्या. "उतारावरचा पाऊस चुना धुऊन नेतो, आणि तुम्ही घालता त्या खतानं आंबटपणा आणखी वाढतो. मुळांपुढं ताट वाढलंय, पण त्यांना खाता येत नाही. खालच्या ओळींना चुना कोणी दिला?"

मी जाऊबाईंकडे बघितलं.

"मी नाही दिला," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यानं दिला."

बाई हसल्या. मला मात्र हसू येईना. मी कचऱ्याची एक टोपली उचलली असती, तर वरची तुतीही तशीच झाली असती.

मग मी उचलल्या. छाटणी झाली की चुना, थोडा थोडा, मातीत नीट मिसळून. खत महिनाभरानं, तेही मोजकं. खड्ड्यातलं कुजलेलं सगळं वर. पहिल्या छाटणीला फारसं काही दिसलं नाही. तिसऱ्या छाटणीनंतर पानांची टोपली एका हातानं उचलेना.

त्या दिवशी मी जाऊबाईंचा हात खांद्यावर घेतला आणि त्यांना वर नेलं. दर दहा पावलांवर थांबत, मला शिव्या घालत त्या चढल्या. वरच्या ओळीत त्यांनी एक पान तोडलं आणि कितीतरी वेळ तळहातावर धरून ठेवलं.

"बटणाएवढं आहे का?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डोळे भरून आले होते.

"ताई, तुमच्यामुळं ही तुती राहिली. मी टोपली आधीच उचलायला हवी होती."

त्यांनी पदरानं नाक पुसलं, उताराकडं बघितलं आणि म्हणाल्या, "टोपलीचं राहू दे. आता मला उचल. खाली कशी उतरू?"