बाईसाहेबांचा ड्रॉवर

ताईंनी सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं फाडण्यात घालवली आणि तेवढ्या वर्षांत एकही माणूस फुकट नेला नाही. धाकटा भाऊ शाळेत असताना एकदा त्यांच्याच बसमध्ये चढला, दप्तर मांडीवर घेऊन ऐटीत बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "माझीच ताई आहे." ताई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि पंच वाजवत म्हणाल्या, "तिकीट?" खिशात काही नव्हतं. पुढच्या थांब्यावर त्याला उतरवलं. पुढे तो टेलर झाला, संसाराला लागला, त्याचे केस पिकले, पण ही गोष्ट सांगताना त्याचा आवाज अजून चढतो.

निवृत्त झाल्यावर ताई त्याच भावाकडे राहायला आल्या. ट्रंक खाली ठेवायच्या आधी त्यांनी अट घातली. "फुकटचं खाणार नाही. काम दे."

टेलरने दोन कामं दिली. संध्याकाळी तयार शर्टांना बटणं लावायची आणि दिवसा परसातली कोंबड्या-बदकं सांभाळायची. ताईंनी परस असा ताब्यात घेतला, की कोंबड्यांना वाटलं डेपो बदलला. पहाटे खुराड्याचं दार उघडलं, की एकेकीनं बाहेर यायचं, ढकलाढकली नाही. बदकं तीन, ती मुळातच रांगेत चालणारी, त्यामुळे ताईंची लाडकी. त्यांचा टब रोज घासून भरायचा आणि ताई पाठ वळवतात तोच बदकांनी तो चिखल करून टाकायचा, यावर दोन्ही बाजूंची कायमची तडजोड होती.

परसात नियम एकच होता. अंडं द्या, दाणा घ्या.

"मग कोंबड्याचं काय?" टेलरने विचारलं होतं. "तो कुठं अंडं देतो?"

"तो चेकर आहे. चेकर कधी काही देतात का?"

खुराड्यात अंडी घालायला टेलरच्या जुन्या टेबलाचे ड्रॉवर गवत घालून ठेवलेले होते. ठिपकी, तांबडी आणि बाकीच्या जो रिकामा मिळेल त्यात बसत. कोपऱ्यातला ड्रॉवर मात्र बाईसाहेबांचा. बाईसाहेब म्हणजे काळी, पोक्त, तुरा एका बाजूला कललेली कोंबडी. त्या ड्रॉवरकडे दुसरीनं नुसतं बघितलं तरी तिच्या डोक्यावर टोच बसायची. ताईंना ही बाई मनातून फार आवडायची. दोघींची चाल एक होती, गुडघे सारखेच कुरकुरायचे, आणि पहिल्या सीटवर दुसऱ्याला बसू द्यायचं नाही हा स्वभावही एकच.

तर या बाईसाहेबांचा ड्रॉवर रिकामा राहू लागला.

"खुडूक बसली असेल," भावजय म्हणाली.

"खुडूक कोंबडी जागची हलत नाही. ही दिवसभर शेवग्याखाली उकरत असते."

"उन्हाचा ताप असेल हो वन्सं. शिंपल्यांचा चुरा घालू थोडा."

चुरा घातला. बाईसाहेबांनी तो आनंदाने खाल्ला, ड्रॉवरमध्ये जाऊन बसल्या, बाहेर येऊन गल्ली जागी होईल इतक्या ओरडल्या, आणि आत बघावं तर नुसतं गवत.

टेलर जेवताना म्हणाला, "वय झालं तिचं. असू दे."

"असू दे कसं? नियम म्हणजे नियम. रविवारपर्यंत बघते, नाहीतर कोपऱ्यावरच्या खाटकाकडे." ताई हे ताटात बघत म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी भात अर्धा टाकला. पोट भरलं म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी ड्रॉवरमध्ये अंडं आलं.

ताईंनी ते उचललं आणि बाईसाहेबांना चांगलं फैलावर घेतलं. "आता सुचलं होय? धमकी दिल्याशिवाय चालत नाही का तुमचं?" शिव्या देता देता नेहमीपेक्षा मूठभर दाणा जास्त पडला, तो हात थरथरल्यामुळे पडला असं आपण धरून चालू.

पण माणसाने वर्षानुवर्षं गर्दीत कोणाचं तिकीट झालंय आणि कोण खिडकीबाहेर बघायचं नाटक करतंय हे ओळखलेलं असलं, की ती खोड जात नाही. बाईसाहेबांचं अंडं आलं त्या दिवशी ठिपकीचं आलं नव्हतं. पुढच्या वेळी तेच. शिवाय ठिपकीचं अंडं एका टोकाला जरा जास्तच निमुळतं असतं. बाईसाहेबांच्या ड्रॉवरमधलं अंडंही तसंच निमुळतं. ताईंनी ते उजेडात धरून फिरवलं. म्हातारी दुसरीच्या तिकिटावर प्रवास करत होती. आणि कोंबड्यांना काही हात नसतात.

ताईंनी हे मनातच ठेवलं. 

मग शनिवारी बाईसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये मोठंच्या मोठं, फिकट हिरवट अंडं निघालं. ताईंनी ते स्वयंपाकघरात आणून ओट्यावर ठेवलं.

"हे बाईसाहेबांनी दिलं."

भावजयीनं अंड्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. टेलरने गळ्यातली टेप सरळ केली.

"वय वाढलं की अंडं मोठं होतं म्हणतात," तो म्हणाला.

"आणि हिरवं?"

"पालेभाजी खाते ना ती," भावजय घाईनं म्हणाली.

"अस्सं," ताई म्हणाल्या. "मग उद्या पंख झाडत टबात उतरेल."

रविवार उजाडला. ताई नेहमीप्रमाणे टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराकडे निघाल्या, आत बादली भरायला नळ सोडला, दार ओढून घेतलं आणि मागच्या बाजूनं येऊन खुराड्याला लागून असलेल्या दाण्याच्या खोलीत जाऊन बसल्या. बसायला पालथी बादली होती. फळ्यांच्या फटीतून सगळे ड्रॉवर दिसत होते. बिनातिकीट माणसाला पकडायचं तर त्याला आधी बिनधास्त होऊ द्यावं लागतं.

भावजय आली. ठिपकी नुकतीच उठून गेली होती. भावजयीनं तिचं गरम अंडं उचललं, पदरात धरलं आणि कोपऱ्यातल्या ड्रॉवरमध्ये अलगद ठेवलं, वर दोन काड्या गवत टाकून. इतकं नीट, की खुद्द बाईसाहेबांना वाटावं आपणच दिलं.

मागून टेलर आला.

"झालं?"

"झालं. तुम्ही परत हात लावू नका. बदकाचं अंडं ठेवतात होय कोंबडीखाली?"

"चष्मा मशीनवर राहिला होता. हाताला गोल लागलं, ठेवलं."

"नशीब, बटाटा नाही ठेवला."

ताईंना हसू आलं. त्यांनी तोंडावर टॉवेल धरला. आता उठावं, दार ढकलावं आणि म्हणावं, तिकीट?

"बरं, त्या पांढऱ्या शर्टाचं बघ," टेलर म्हणाला. "गिऱ्हाईक आज येणार आहे."

"उसवली सगळी बटणं. वन्सं आंघोळीहून यायच्या आत परत लावते. काल तर एक काजाच्या पार बोटभर खाली गेलं होतं हो. दिसत नाही बिचाऱ्यांना."

"ताईला कळायला नको."

"कोंबडीचं की बटणांचं?"

"कुठलंच."

"नाही कळायचं. दुसऱ्यांची तिकिटं तपासणारं माणूस स्वतःचं कधी बघतं का?"

ताईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

रोज संध्याकाळी त्या दिव्याखाली बसून बटणं लावायच्या. शेवटची गाठ मारून दोरा दातानं तोडला, की शर्ट झटकून म्हणायच्या, "घ्या. आजचं जेवण फिटलं." आणि भाऊ म्हणायचा, "ताई, तुझ्यासारखं बटण कोणाला लावता येत नाही." आता लक्षात आलं, तो खोटं काही बोलत नव्हता.

पण बदकांना या लपाछपीचं काय? दाण्याच्या खोलीत ताई आहेत याचा त्यांना सुगावा लागला होता. तिघंही येऊन दारासमोर एकामागे एक उभी राहिली आणि थांब्यावर बस आल्यावर होतो तसा गलका सुरू केला.

"ह्यांना काय दिसतंय तिथं?" भावजय म्हणाली.

ताईंनी श्वास रोखला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या सीटखाली लपलेल्या होत्या.

"उंदीर असेल," टेलर म्हणाला. "चल, शर्ट राहिलाय."

दोघं गेली. न्हाणीघरात बादली भरून वाहत होती, तरी ताई उठल्या नाहीत. फटीतून बाईसाहेब दिसत होत्या. त्या आपल्या ड्रॉवरमध्ये चढल्या, ठिपकीचं अंडं मानेनं पोटाखाली ओढून घेतलं आणि डोळे मिटून ऐटीत बसल्या. लाजबिज काही नाही. ताई बराच वेळ बघत राहिल्या. आधी राग आला, मग तिच्या त्या बिनघोर बसण्याचा हेवा वाटला.

दुपारी ताटं वाढली तेव्हा ताई अंड्यांची टोपली घेऊन आत आल्या.

"बाईसाहेबांनी आज अंडं दिलं नाही."

भावजयीच्या हातातला डाव थांबला. "दिलं की! मी…"

"तू काय?"

"मी ओरडताना ऐकलं त्यांना."

"ओरडल्या. दिलं नाही. हे ठिपकीचं आहे, टोक बघ." ताईंनी अंडं तिच्यासमोर धरलं. "आणि कालचं बदकाचं होतं. मी इतकीही आंधळी नाही झाले."

भावजयीनं डाव पातेल्यात सोडला. शेवटी टेलर म्हणाला, "म्हणजे आज खाटकाकडे?" आणि लहानपणी बसमधून उतरवलं तेव्हा झाला होता तसा त्याचा चेहरा झाला.

ताई खाली बसल्या. गुडघे वाजले.

"बसमध्ये काही लोक पास घेऊन यायचे," त्या म्हणाल्या. "म्हातारे वगैरे. मी त्यांचे पास उलटेसुलटे करून दोनदा बघायची, तोंड वाकडं करायची. पण पासवाल्याला मी कधी उतरवलं नाही. विचार हवं तर कोणालाही."

"मग?"

"मग काय? बाईसाहेबांचा पास मंजूर. दाणा चालू. उगीच ठिपकीच्या पोटावर पाय नको."

भावजयीनं पदराला हात पुसले. हसावं की नाही हे तिला कळेना. तेवढ्यात ताईंनी खुंटीवरचा पांढरा शर्ट ओढून घेतला आणि बटणांच्या ओळीवरून अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, सगळी ओळीत.

"बदकांसारखी चाललीत," त्या म्हणाल्या. "सरळ. माझा टाका फुलीचा असतो. हा उभा आहे."

आता मात्र भावजयीच्या तोंडचं पाणी पळालं. "वन्सं, ते…"

"किती दिवस?"

"दिवाळं निघेल असं काही नव्हतं हो. एखाददुसरं असायचं."

"किती दिवस गं?"

"आलात तेव्हापासून," ती हळूच म्हणाली.

ताईंनी शर्ट घडी घालून मांडीवर ठेवला. टेलरला वाटलं, आता ट्रंक निघणार.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय केलं असतंस?" टेलर एकदम म्हणाला. "स्वतःलाच उतरवलं असतंस पुढच्या थांब्यावर. तू मला ठाऊक नाहीस का?"

भावजय खुदकन हसली आणि मग तिला थांबवता येईना. टेलरही हसायला लागला. ताईंनी दोघांकडे चेकरसारखं बघायचा प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही.

"बरं बरं. बटणं आजपासून तुझी," त्या भावजयीला म्हणाल्या. "लावायची आणि उसवायची, दोन-दोन कामं कशाला?"

"आणि पासावर फोटो कोणाचा लावायचा वन्सं? तुमचा की बाईसाहेबांचा?"

"एकच लाव. फारसा फरक नाही."

"मग संध्याकाळी तू काय करणार ताई?" टेलरने विचारलं.

ताईंनी जरा विचार केला. "बसणार. सगळी नोकरी बसमध्ये गेली, पण गर्दीमुळे बसायला म्हणून कधी मिळालं नाही."

त्या संध्याकाळी ताई मागच्या पायरीवर बसल्या. आधी हातांना सुचेना, ते मांडीवर बटणं शोधत राहिले. आतून मशीनचा आवाज येत होता. बदकांनी टबाचा चिखल केला होता आणि आता ती रांगेनं खुराड्याकडे निघाली होती. बाईसाहेब अवेळीच ड्रॉवरमध्ये जाऊन बसल्या, उठल्या, दारात येऊन छाती काढून ओरडल्या. ताईंनी उठून आत बघितलं. गवत, बाकी काही नाही.

"ऐकलं हो," त्या म्हणाल्या, आणि मूठभर दाणा टाकला.