हूक लावायचे राहिलेत

मुकुटबनच्या बायका आपल्या कमरेबद्दल चारचौघींत काहीही सांगोत, खरा आकडा दीपमालाच्या मापवहीत असतो. कोण उपास करते म्हणून सांगते आणि दर दिवाळीला दोन बोटं ढिलं मागते, कोणाच्या लेकीचं लग्न ठरायच्या आधीच ब्लाऊजची बाही लांब होते, हे सगळं तिला टेप हातात घेतल्याबरोबर कळतं. ती कोणाला बोलत नाही. टेलरनं मापं बोलून दाखवली तर दुकानात येईल कोण?

गावानं मात्र तिची मापं घेणं कधी थांबवलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून, शिलाई मशीन टेम्पोत टाकून माहेरच्या गावी परत आली. तेव्हापासून बाजारओळीत तिची नोंद चालू होती. कोणाशी बोलली, किती वेळ बोलली, दुपारी शटर किती वर होतं. नोंद ठेवणारे इतके असूनही कार्तिकातल्या एका दुपारची नोंद मात्र कोणाकडेच नव्हती. त्या दुपारी आत अमर होता.

अमर म्हणजे सदाशिवरावांचा मुलगा. कापूस-तुरीचं मोठं वावर, चौकात बी-बियाण्याचं दुकान, आणि गणपतीत वर्गणी मागायला सगळ्यांच्या पुढे. वर्षभर तो काही ना काही निमित्तानं तिच्या दुकानी येत होता. त्या दुपारी जे झालं त्याचं दीपमालाला वाईट वाटलं नव्हतं. ती बत्तीस वर्षांची होती आणि कोणाची परवानगी घ्यायची राहिली नव्हती. राग आला होता तो एकाच गोष्टीचा. तिनं त्याला विचारलं होतं, "कंडोम आहे काय जवळ?"

"मी काय तसला वाटलो काय तुले?" असं म्हणून अमरनं तोंड असं पाडलं, की जणू तिनं त्याच्या सात पिढ्यांवर डाग पाडला. आणि तिनं ऐकलं. परक्या बाईला अर्धा इंच जास्त कापड न सोडणारी दीपमाला, पण त्याचं तोंड पडलेलं तिला बघवलं नाही.

दहाव्या दिवशी तिला जळजळ सुरू झाली. अंगावरून जायला लागलं, त्याचा रंग बरा दिसेना. तिनं मोबाइलवर शोधलं आणि तासाभरात तिला जगातले सगळे गुप्तरोग झाले. मग तिला आठवलं, अमरच एकदा हसत हसत सांगत होता, मित्रांसोबत हायवेच्या ढाब्यावर काय काय मजा केली ते. तेव्हा तिनंही हसून घेतलं होतं. त्या दिवशी तिनं एका ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला जोडल्या. शिलाईच्या आठ वर्षांत पहिल्यांदा.

गावच्या दवाखान्यात जायची सोय नव्हती. तिथली नर्स तिची गिऱ्हाईक. म्हणून दीपमाला वणीला गेली, कारण वणीत तिला कोणी ओळखत नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या त्या शेवटच्या खोलीपुढच्या बाकावर ती बसली, तेव्हा शेजारी मुकुटबनचीच लीलाबाई बसलेली. तिच्या पलीकडे पाटणचे एक मास्तर तोंडावर पेपर धरून, आणि पेपर उलटा. सगळ्या तालुक्यानं एकाच हिशेबानं वणी निवडली होती.

"डोळे दाखवायले आलती," लीलाबाई कोणी न विचारता म्हणाली.

"माही दाढ दुखून राह्यली," दीपमाला म्हणाली.

दोघींनीही समोरच्या दारावरची पाटी वाचली, त्यावर ना डोळे होते ना दाढ. मग दोघी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या.

आत समुपदेशक होती सुरभी, चष्मेवाली, दीपमालापेक्षा लहानच. तिनं दार लावून घेतलं, नंबराचं कार्ड केलं, आणि दाढेचं ऐकूनही न हसता सरळ विचारलं, "कधी झालं, आणि वापरलं होतं काही?" दीपमालानं सांगितलं. कोणासमोर तरी सगळं एका दमात सांगितल्यावर तिला कळलं, की जळजळ सुरू झाल्यापासून ती श्वास अर्धाच घेत होती.

डॉक्टरबाईंनी तपासलं. रक्त घेतलं. दुपारी निकाल आला. एचआयव्ही आणि गरमी, म्हणजे सिफिलिस, दोन्ही आज तरी नाही, पण तीन महिन्यांनी परत तपासायचं. तोवर पक्कं म्हणता येत नाही. जळजळीसाठी राखाडी पाकिटातल्या गोळ्या सुरभीनं समोरच घ्यायला लावल्या.

"आता दुसरी गोष्ट," सुरभी म्हणाली आणि तिनं एक छोटं कार्ड पुढे सरकवलं. त्यावर नाव नव्हतं, फक्त एकशे सत्तावीस हा आकडा. "हे जोडीदाराला द्यायचं. त्यानं घेऊन आमच्याकडे यायचं. त्याला त्रास नसला तरी. पुरुषांना पुष्कळदा जाणवतच नाही आणि ते पुढे देत राहतात. कार्ड परत आलं की मी तुम्हाला फोन करीन."

"नाही आला तं?"

"तर तुम्ही बऱ्या व्हाल, आणि दुसरी कोणी आजारी पडेल."

संध्याकाळी दीपमालानं अमरला फोन केला. दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"मले काही त्रास नाही," अमर म्हणाला.

"त्रास नसला तरी जा लागते."

"मंग तुलेच कुठून तरी लागलं असन. तू एकटी राह्यतं, मले काय माहीत कोण येते जाते." आणि त्यानं फोन ठेवला.

दीपमालानं कार्ड मापवहीत ठेवलं. ती रडली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण रडणं झाल्यावर तिनं चुकलेली ती बाही उसवून नीट जोडली, हेही तितकंच खरं.

चौथ्या दिवशी अमरची आई इंदूबाई दुकानात आली, पिशवी पोटाशी धरून, चेहऱ्यावर सगळं गाव मावेल एवढं हसू.

"अमरचं साक्षगंध ठरलं वो पोरी. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी. बाभुळगावची पोट्टी आहे, प्रेरणा, डीएड झालेली. लग्न एप्रिलमधी. साडी आमच्याकडून, तं ब्लाऊजही आमच्याकडूनच पाह्यजे ना. तुह्याशिवाय कोणाले देऊ?"

तिनं पिशवीतून जांभळं कापड काढलं आणि मुलीकडून मागवलेला मापाचा जुना ब्लाऊज. दीपमालानं तो उलटा करून पाहिला. उजवा खांदा किंचित उतरता. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर पुस्तकांची पिशवी. बाहीला आतून दोनदा हातशिलाई घातलेली, बारीक आणि सरळ. म्हणजे मुलगी कपडे जपून वापरते. प्रेरणाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण एवढं कळल्यावर आता पाहायचंही काही बाकी नव्हतं.

"छान पोट्टी आहे, काकू," ती म्हणाली.

"तुले कसं कळलं?"

"मापावरून."

ब्लाऊज तिनं चार दिवसांत शिवला. जीव लावून. उजव्या खांद्याला आतून हलका पॅड दिला, पाठीला खोल गळा, जरीची नाडी. आणि तिथेच थांबली.

इंदूबाई पहिल्यांदा आली. "हूक लावायचे राह्यले," दीपमाला म्हणाली.

दोन दिवसांनी परत आली. "हूक राह्यले."

साखरपुड्याला चार दिवस उरले तेव्हा इंदूबाई खुर्चीत ठाण मांडून बसली. "आवं, पाच हुकं लावायले किती दिवस? दे इकडे, मीच लावते घरी."

"लावा," दीपमाला म्हणाली आणि ब्लाऊज तिच्या पुढ्यात धरला. "पण गळा खोल आहे, काकू. ताण नाही जुळला आणि पोट्टी पाया पडायले वाकली, तं पाहुण्याईसमोर पाठ उघडी पडन. मंग लोकं टेलरचं नाव नाही घेणार, सासूचं घेतीन."

इंदूबाईचा हात मागे गेला. दुसऱ्या टेलरकडे नेण्यात अर्थ नव्हता. एकाचं अर्धं काम दुसरा हातात घेत नाही, हा बाजारओळीचा जुना कायदा तिलाही ठाऊक होता.

"मंग करावं तरी काय?"

"अमरले पाठवा. त्याच्या हाती देते."

"ब्लाऊज न्यायले नवरदेव?"

"हाव. त्याच्याशीच बोला लागते."

इंदूबाईनं तिच्याकडे टेपनं मोजावं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं. काय कळलं, किती कळलं, ते तिनं आपल्याजवळ ठेवलं. घरी जाऊन तिनं मुलाला पाठवलं एवढं खरं.

अमर भरदुपारी आला. शटर पूर्ण वर होतं, दीपमालानं मुद्दाम ठेवलं होतं.

"हे काय नाटक लावलं तू?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "ब्लाऊज दे."

दीपमालानं मापवहीतून कार्ड काढून कापायच्या टेबलावर ठेवलं. "हे घेऊन वणीले जा. तिथून आला की हूक लागतीन."

"नाही गेलो तं?"

"तं मी स्वतः बाभुळगावले जाते. ब्लाऊज घालून पाह्यते तिले. आणि तिनं काही विचारलं तं खोटं बोलणार नाही."

"मी सांगून देईन गावात. तुही काय लायकी आहे ते."

"सांग ना." तिनं कात्री उचलून कापडावरचा धागा कापला. "माहं नाव तीन वर्षांपासून फिरून राह्यलं गावात, त्याले सवय झाली. तुहं नवंकोरं आहे. पहिल्या धुण्यात किती आटते ते पाहू."

अमर दुकानाबाहेर बघायला लागला. समोर पानठेल्यावर दोघं जण नेमके इकडेच बघत होते. तो टेबलाच्या जवळ सरकला.

"दीपा, तिथं कोणी ओळखीचं भेटलं तं?"

"भेटतीनच. अर्धा तालुका बसला असते तिथं. कोणी डोळ्याले आलेला, कोणी दाढेले. तू गुडघा सांग."

त्याला हसू आलं, आणि आलेलं लपवायला त्यानं खाली पाहिलं.

"खरंच काही असन काय मले?" त्यानं विचारलं. ढाब्यावरचा, वर्गणीवाला, खानदानी अमर कुठं तरी गेला होता, आणि टेबलापाशी एक घाबरलेला माणूस उभा होता. तोही पंधरा दिवस मोबाइलवर शोधत होता, हे तिला तेवढ्यात कळलं.

"मले माहीत नाही. मलेही तीन महिने माहीत नाही होणार. पण माही झोप उडाली तं तुही काहून नाही उडावी? रक्तही देजो. आणि दुसऱ्या तपासणीचं काय ते मॅडमले विचारजो. लग्न एप्रिलमधी आहे, तोवर सगळं होते."

त्यानं कार्ड खिशात घातलं. वरच्या नाही, पँटच्या आतल्या.

गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारपर्यंत फोन नाही. दीपमालानं जांभळा ब्लाऊज टेबलावर उलटा पसरून ठेवला होता आणि पाचही हूक वाटीत. ती वाटीकडे बघायची आणि दुसरं काही शिवायची. बाभुळगावला जायची बस किती वाजता आहे, हे तिनं दोनदा विचारून ठेवलं.

साडेतीनला फोन वाजला.

"नाव विचारू नका, मी सांगणारही नाही," सुरभी म्हणाली. "एकशे सत्तावीस नंबरचं कार्ड परत आलं. गोळ्या माझ्यासमोर घेतल्या."

"आणि रक्त?"

"ते ज्याचं त्याला सांगितलं. तुमचं तुम्हाला सांगितलं होतं, तसंच." मग फोन ठेवता ठेवता, "गुडघा दुखतो म्हणत होते बाहेर."

फोन ठेवून दीपमालानं दिव्याखाली सुई ओवली. पाच हूक लावले, प्रत्येकाला सहा टाके. टाका घट्ट. ती पोट्टी वाकली, नाचली, कोणाशी भांडली तरी सुटणार नाही असा. संध्याकाळी इंदूबाई ब्लाऊज घेऊन गेली. जाताना तिनं दीपमालाच्या गालावरून हात फिरवला. काही बायकांचं माप टेपनं येत नाही.

मग दीपमालानं मापवही उघडली. प्रत्येक पानावर वर गिऱ्हाइकाचं नाव असतं आणि कोपऱ्यात द्यायची तारीख. नव्या पानावर तिनं आपलंच नाव लिहिलं, कोपऱ्यात लिहिलं, चोवीस फेब्रुवारी, आणि वही टेबलावर तशीच उघडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई साडीला फॉल लावायला आली. तिनं मान वाकडी करून वही वाचली, जशी गावातली प्रत्येक बाई वाचते.

"हे काय, स्वतःसाठी काय शिवून राह्यली?"

"शिवत नाही. त्या दिवशी वणीले रक्त द्यायचं आहे परत."

"कायचं रक्त?"

"तेच," दीपमाला टेप गळ्यात टाकत म्हणाली, "जे तुम्ही डोळ्याचं सांगून देऊन आले."

लीलाबाई फॉलच्या कापडाला बोटं लावत राहिली. निळा की जांभळा, हे ठरायला जरा वेळ लागला.

"सकाळच्या बसनं जाशीन की दुपारच्या?" शेवटी तिनं विचारलं.

"सकाळच्या. नंबर लवकर लागते."

"मंग मले हाक मारजो जाताना," लीलाबाई म्हणाली. "माहीही तारीख त्याच आठवड्यातली आहे."