पिंपाला दोन

इस्पितळातून क्लिफर्डने माझ्यावर एकच काम सोपवलं. त्याच्या बागेतल्या खोपटात घरची बिअर आंबून तयार होती. ती पिंपात भरायची, साखर घालायची, झाकण आवळायचं. त्या साखरेनेच बिअर पिंपात जिवंत होते, फेसाळते, हे आमच्या यॉर्कशायरच्या खाणवस्तीत कुणाला सांगावं लागत नाही.

"निळी वाटी घे," तो म्हणाला. उकडलेलं अंडं ठेवायची ती वाटी, तेच त्याचं माप. मग दमत दमत त्याने आपलं जुनं गाणं म्हटलं:

"बाटल्यांना चार, पिंपाला दोन,
सांडल्यावर मग पुसायचं कोण?"

"झोप आता," मी म्हणालो. "मीही तीस वर्षं करतोय बिअर."

"बाटल्यांत करतोस, नॉर्मन. बाटल्यांत."

मी चार वाट्या घातल्या. औषधांनी त्याचं डोकं जड झालंय, असं मनाला सांगितलं. खरं वेगळंच होतं. गावच्या प्रदर्शनात बिअरसाठी दरसाल पहिला नंबर त्याचा. एकदा तरी त्याच्या पिंपात माझा हात दिसावा, एवढंच. पुढे आठवडाभर झाकणातून बारीक सूं सूं येत होती. मी ती ऐकली आणि खोपटाचं दार ओढून घेतलं.

क्लिफर्ड घरी आलाच नाही. त्याला मातीत ठेवून सगळे त्याच्या बागेत जमले. मुळ्याच्या वाफ्याकडे पाठ करून, हातात हॅमचे सँडविच घेऊन उभे राहिले. एनिड, त्याची बायको, म्हणाली, "त्याच्या हातची शेवटची आहे. एकेक पेला घ्या."

मी पिंपाची तोटी फिरवली. फेस आला. पेल्यात फेस, बशीत फेस, एनिडच्या काळ्या बुटांवर फेस. बिअर अशी नाहीच.

"साबण घातला वाटतं क्लिफर्डने," कबुतरवाला सिरिल म्हणाला. लोक हसले आणि लगेच गप्प झाले. "हात गेला होता बिचाऱ्याचा शेवटी. काय रे, नॉर्मन?"

"हो," मी म्हणालो. "विसरायचा शेवटी शेवटी."

जो माणूस मरणाच्या खाटेवर माप विसरला नाही, त्याला मी विसरभोळा केला, त्याच्याच बागेत, त्याचीच तोटी धरून. मग फडकं घेतलं आणि खाली बसून खोपटापुढची फरशी पुसू लागलो. पुसायचं कोण, ते कळलं.

लोक गेले. एनिड पेले विसळत होती. माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "निळी वाटी कुठंय?"

मी खिशातून काढून दिली.

"तो म्हणाला होता मला, नॉर्मन चार घालेल."

मी हातातलं फडकं पिळलं.

"म्हणाला, घातल्या तर रागावू नकोस. झाकण जरा सैल कर, रोज थोडी हवा जाऊ दे, चार-पाच दिवसांत फेस बसेल. बिअर वाया जायची नाही." तिने पेला पालथा घातला. "मी रागावले नव्हते, नॉर्मन. तू 'हो' म्हणालास ना सिरिलला, तोपर्यंत नव्हते."

"एनिड, मी..."

"मला नको सांगूस. मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

खोपटात जाऊन मी झाकण किंचित सैल केलं. पिंपाने लांब श्वास सोडला. तो संपेपर्यंत मी झाकणावर हात ठेवून उभा होतो.

मग टेकडी चढून सिरिलच्या दारी गेलो. तो कबुतरांना दाणे टाकत होता.

"काय रे, काही राहिलं का तिकडे?"

"रविवारी ये बिअर प्यायला," मी म्हणालो. "आणि ऐक. तो दोन म्हणाला होता. चार मी घातल्या."

सिरिलने दाण्यांची मूठ मिटली. मी पुढच्या घराकडे वळलो. सांगायला अजून दुसरं दार होतं, त्याच्यापुढे तिसरं.