पाणगवतातले कोळी

तळ्याच्या काठावर पाय ठेवला आणि पंकजाबाईंचं डोकंच फिरलं. ऐप्पसी या तमिळ महिन्याचा पाऊस बदाबदा कोसळत होता, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, तरी जे दिसायचं ते दिसलंच. पूर्वेच्या काठाचं पाणगवत गायब! कमरेएवढं माजलेलं ते गवत. त्यातच तर पाणकोंबडीनं घरटं केलं होतं. तिला बघायला बाई रोज दारासुरमहून बस पकडून, गळ्यात दुर्बीण अडकवून येत होत्या.

"या मावशी! तुमचं काम फत्ते!" छत्री सावरत भाचजावई समोर आला. हा हरिणीचा नवरा, पुण्याचा. कुठल्याशा संस्थेनं या राखीव तळ्यावर त्याला साहेब करून बसवला होता. तमिळमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मावशींचं तंजावुरी मराठी ऐकलं की पोट धरून हसायचा. वर 'पेशवाई बोलली!' म्हणायचा.

"कसलें काम?"

"काल फोनवर सांगितलंत ना, पाणगवतांत कोळी आहे, सांभाळ म्हणून? सकाळीच माणसं लावली आणि सगळं गवत कापून काढलं. आता चोरून जाळी टाकणारे लपतील कुठे?"

"जाळीं?"

"कोळी म्हटलं की जाळी आलीच की! अहो, आपला इथला तमिळ राखणदार महालिंगसुद्धा हात आडवे करून 'कोळी, कोळी' ओरडत होता. म्हटलं, बघा, यालाही दिसले!"

आत्ता पंकजाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. तमिळमध्ये कोळी म्हणजे कोंबडी. त्यांच्या घरात मराठी बोलतानाही पिढ्यान्‌पिढ्या तोच शब्द. मासे धरणाऱ्याला त्या घरात कुणी कधी कोळी म्हटलंच नव्हतं.

"अरे मूर्खा! कोळी म्हणजे कोंबडी! अंड्यांवर बसली होती ती!"

जावयाला असं बोलू नये म्हणतात. गेलं खड्ड्यात! त्याचा चेहरा खर्रकन उतरला, पण जीभ कुठली गप्प बसायला?

"मग पाणकोंबडी म्हणायचं ना मावशी, शुद्ध मराठीत..."

"शुद्ध? तुझें शुद्ध घाल त्या चुलींत! आधी अंडीं शोध!"

बूट घातलेले पाय तसेच चिखलात घालून त्यानं कापलेल्या गवताचा ढीग उपसला. बाईही पदर खोचून वाकल्या. ढिगाच्या तळाशी ठिपक्याठिपक्यांची कवचं सापडली, सगळी चेंगरलेली. पिवळा बलक पावसात वाहून चालला होता. पलीकडे उघड्या पाण्यात पाणकोंबडी इकडून तिकडे पोहत होती आणि सारखी ओरडत होती. बाईंना संताप आवरेना, रडूही आवरेना.

"चुकलंच माझं," तो खाली मान घालून म्हणाला. "चला, गाडीनं घरी सोडतो."

"ओन्नुम वेंडाम. पो!"

काही नको, जा, असं त्यांनी सुनावलं; इतक्या वर्षांत त्या त्याच्याशी तमिळमध्ये कधी बोलल्या नव्हत्या. तो गोंधळला.

"म्हणजे काय, मावशी?"

"हेंच!" पंकजाबाई कडाडल्या. "हेंच काल फोनवर हसण्याऐवजी विचारलें असतेंस, तर ती अजून अंड्यांवर बसली असती."