अरुंधती दिसेना

गेल्या महिन्यात माझे सासरे, आमचे बाबूलाल मामाजी, मरायला निघाले होते. आजार म्हणाल तर काही नाही. उमरेडला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, मुहूर्त संध्याकाळचा. वडीलधारे म्हणून भटजींनी नवरा-नवरीला अरुंधती दाखवायचं काम त्यांच्याकडे दिलं. मामाजींनी उत्तरेकडे मान वर केली. सप्तर्षी पुसट दिसत होते, पण शेपटीतल्या मधल्या ताऱ्याला बिलगलेली ती बारीकशी चांदणी काही दिसेना. मांडवातली पोरं "ते काय, ते काय" करून ओरडत होती. त्यांनी अंदाजानं बोट केलं आणि वेळ मारून नेली.

आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांचा सोबती. मामाजींनी हे कुणाला सांगितलं नाही, गुपचूप आवराआवर सुरू केली. एरवी कळमन्याच्या धान्यबाजारात दाणा दाताखाली फोडल्याशिवाय गव्हाच्या पोत्याला हात न लावणारा हा माणूस म्हणाला, "यंदा अर्धाच घेऊ." सासूबाईंना बसवून गॅसचा नंबर लावायला शिकवू लागले. माझ्या नवऱ्यानं, चेतननं, त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतली होती, तीही परस्पर रद्द केली.

शेवटी एका संध्याकाळी लाइट गेली आणि आम्ही सगळे गच्चीवर जमलो, तेव्हा मीच चिडून विचारलं. लपवण्यात मामाजी कच्चे. उमरेडची गोष्ट बाहेर आली.

"मामाजी, मोतीबिंदू पिकलाय तुमचा! त्यात यमाचा काय संबंध?"

"तुले नाही समजत, ऋतुजा."

माझं डोकंच फिरलं. मी फोन काढला आणि वाचून दाखवलं, की पूर्वी अरब लोक याच चांदणीवरून सैनिकांची नजर तपासायचे. दिसली नाही तर नजर कमी, बस्स. त्याच्याच खाली लिहिलं होतं, की जपानातही ही न दिसणारा माणूस वर्षभरात जातो असं मानायचे. ते मी सरळ गिळून टाकलं.

शेजारच्या गच्चीवर सिंधूताई मडावी वाळवण उचलत होत्या. त्या गोंड, माहेर रामटेककडचं. कठड्याशी येऊन म्हणाल्या, "आमच्यात तं ते चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आहे भाऊ. अन् मागचे तीन चोर. बाज न्यायले आले."

"अन् ती बारकी चांदणी?" मामाजींनी विचारलं.

"असंल मधल्या चोराच्या बगलेत लपलेला एखादा. चोर तो! दिसला तं चोर कायचा?"

महिन्याभरात पहिल्यांदाच मामाजी हसले. पण लगेच मान हलवून म्हणाले, "तुमचं आभाळ वेगळं, आमचं वेगळं."

"आभाळ एकच आहे. मग मरण तुमच्याच वाट्याले काहून?"

तेव्हा सासूबाई बोलल्या.

"मले तं ते कधीच नाही दिसली."

"काय?"

"अरुंधती. जन्मात नाही पाह्यली मी."

"अवं, लग्नात म्हटलं ना तू, दिसली म्हणून!"

"तुमी बोट दाखवून राहिले होते. मी तुमचं बोट पाह्यलं." मग त्यांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं झाली. मेली का मी? अन् तुमी मले गॅसचा नंबर शिकवून राहिले! मले नाही शिकायचा तो नंबर!"

त्या रडत होत्या. मामाजी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग चेतनला म्हणाले, "तारीख घे गा पुन्हा. पण आधी इच्या डोळ्याचं पाह्य."

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंची नजर तपासली. लहानपणापासूनच लांबचं दिसत नसणार म्हणे. एवढं आयुष्य त्यांनी माणसं चालीवरून आणि आवाजावरून ओळखत काढलं, आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. मला स्वतःची लाज वाटली.

चष्मा तयार झाला तेव्हा मीच त्यांना दुकानात घेऊन गेले. मामाजी दाराशी बाकावर बसले होते. सासूबाईंनी चष्मा चढवला, रस्त्यावरच्या पाट्या पाहिल्या, मग दाराकडे वळल्या आणि तिथेच थांबल्या.

"किती म्हातारे झाले हो तुमी."

"तेच तं सांगून राहिलो होतो," मामाजी म्हणाले.

सासूबाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "मले नको हे. होतं तेच बरं होतं."

मामाजी उठले. माझ्या हातातून चष्मा घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि चाचपडत सासूबाईंच्या कानांवर बसवला.

"घाल वं," ते म्हणाले. "पाहून घे."